एनएचएल सामन्याचा अंदाज कसा बांधावा? गोली, वेळापत्रक, भाव आणि बाकी पसारा

निळीरेषा

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग. तिच्या सामन्याच्या सकाळी जे 'प्रीव्ह्यू' वाचायला मिळतात त्यातले बरेचसे एकाच साच्यातले असतात. यजमानांनी मागच्या पाचपैकी चार जिंकले, पाहुण्यांविरुद्ध गेल्या दहात सात-तीन, अमुक खेळाडू फॉर्मात आहे, अंदाज ४-२. यातलं काहीही पैजेचा भाव ठरवताना उपयोगी पडत नाही, कारण हे सगळं भावात आधीच मुरलेलं असतं. शिवाय त्या दहांपैकी निम्मे सामने दुसऱ्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली आणि वेगळ्याच गोलीसमोर (गोलरक्षकासमोर) झालेले असतात.

म्हणून हा धागा. नुसता सामना बघणाऱ्याला आणि पैसे लावणाऱ्याला, दोघांनाही आधी काय तपासायचं ते एका जागी असावं. माझा क्रम असा: गोली कोण, वेळापत्रक कसं, पाच-विरुद्ध-पाच खेळात (गोली सोडून दोन्हीकडे पाच जण) कोण वरचढ, मग पॉवर प्ले (समोरचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असताना मिळणारी संधी), मग दुखापती. भाव सगळ्यात शेवटी बघायचा. आधी भाव बघितला की आपला आकडा नकळत त्याच्याकडे सरकतो.

गोलीपासून सुरुवात करतो. संघ दिवसा हलका सराव करतात, तो मॉर्निंग स्केट. सरावातून जो गोली आधी बाहेर पडतो, तोच बहुधा रात्री उभा राहतो. संघासोबतचे वार्ताहर हे लगेच कळवतात. 'अपेक्षित' आणि 'पक्का' यात मात्र फरक करा. बऱ्याच याद्यांमध्ये 'अपेक्षित' म्हणजे कुणीतरी वेळापत्रक बघून केलेला तर्क असतो. लागोपाठ दोन रात्री सामने असतील तर दुसऱ्या दिवशीचा सकाळचा सराव बहुतेक रद्द होतो. मग खात्री थेट वॉर्मअपला होते, म्हणजे पक (रबरी चकती) पडून सामना सुरू व्हायच्या साधारण अर्धा तास आधी. बोगद्यातून सर्वांत पुढे जो गोली येतो, तो आजचा.

फरक किती पडतो? मुख्य गोलीची सेव्ह टक्केवारी (आलेल्या शॉटपैकी अडवलेल्यांचं प्रमाण) .९०९ आणि राखीवाची .८९७ धरा. फरक .०१२. संघावर २८ शॉट येत असतील तर .०१२ × २८ = ०.३४ गोल. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सहाच्या आसपास गोल होतात, तिथे हा आकडा मोठा आहे. पण राखीव गोलीचे दहा-बारा सामने म्हणजे फारच तुटपुंजा नमुना, म्हणून मी हा फरक निम्मा करून ०.१७ धरतो.

---

तिसरीफळी

वाचनखूण साठवली आहे.

एक भर. सेव्ह टक्केवारीपेक्षा 'अपेक्षेपेक्षा वाचवलेले गोल' हा आकडा बघावा. .९०० चा गोली भुसभुशीत बचावामागे उभा असेल तर तो .९१० वाल्यापेक्षा सरस असू शकतो. शिवाय जुने मापदंड मोडीत निघाले आहेत. दहा वर्षांपूर्वी लीगची सरासरी .९१५ च्या घरात होती, आता ती .९०० च्या जवळ घसरली आहे. जुन्या सवयीने .९०५ ला 'कच्चा गोली' म्हणणारे लेख अजून दिसतात.

आणि बेसबॉलकडून येणाऱ्यांसाठी सूचना. तिथे ठरलेला पिचर बदलला तर पैज रद्द करून घेण्याची सोय असते. हॉकीत नाही. मनीलाइन (कोण जिंकेल यावरची पैज) घेतली आणि वॉर्मअपमध्ये मुख्य गोलीच्या मांडीचा स्नायू ताणला गेला, तरी तिकीट कायम.

---

पक्कापक

अवांतर: २२ फेब्रुवारी २०२० ला टोरंटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले आणि ४२ वर्षांचा डेव्हिड आयर्स आणीबाणीचा गोली म्हणून उतरला. दहापैकी आठ शॉट अडवले आणि कॅरोलायना ६-३ जिंकली. त्या रात्री .०१२ × २८ काढत बसलेल्यांचं काय झालं असेल!

---

आकडेमोड

मूळ लेखाशी सहमत, पण पाच-विरुद्ध-पाचबद्दल नीट लिहायला हवं, कारण सामन्याचा बहुतांश वेळ त्यातच जातो.

कॉर्सी म्हणजे गोलच्या दिशेने मारलेले सगळे फटके: अडवले गेलेले, बाहेर गेलेले, खांबाला लागलेले, सगळे. बफेलोचे गोली-प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्यावरून ते नाव पडलं. पक कुणाकडे जास्त वेळ होता याचा तो बरा अंदाज देतो, पण फटका कुठून आला हे सांगत नाही. निळ्या रेषेवरून (आक्रमण क्षेत्राच्या सीमेवरून) मनगटाने भिरकावलेला पक आणि गोलीच्या पुढ्यातून मारलेला, दोन्ही एकच मोजले जातात. ती उणीव अपेक्षित गोल, म्हणजे एक्सजी, भरून काढतो: प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता त्यात मोजतात.

दोन्हीत एक खोट आहे. आघाडीवरचा संघ मागे सरकतो आणि पिछाडीवरचा फटक्यांचा मारा करतो. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांच्या, पिरियडमध्ये १-३ ने मागे असलेल्या संघाची कॉर्सी (दोघांच्या एकूण फटक्यांतला वाटा) ६५ टक्के दिसली म्हणून तो 'वरचढ' ठरत नाही. स्कोअरनुसार दुरुस्त केलेले आकडे वापरा, किंवा बरोबरी आणि एका गोलाच्या फरकाचाच वेळ गाळून घ्या.

दुसरं पीडीओ: संघाची शूटिंग टक्केवारी अधिक सेव्ह टक्केवारी. सगळ्या लीगची बेरीज १०० येणारच, कारण एकाचा गोल म्हणजे दुसऱ्याचा न अडलेला शॉट. पंधरा सामन्यांनंतर एखादा संघ १०३ वर असेल आणि त्याचा एक्सजी वाटा ४७ टक्के असेल, तर ते यश उसनं आहे. अशा संघाचा भाव नोव्हेंबरात फुगलेला असतो. उलट ९७ वर अडकलेला, पण एक्सजीत ५३ टक्क्यांवर असलेला संघ नोव्हेंबरात स्वस्तात मिळतो. अर्थात, ज्यांच्याकडे खरोखर वरच्या दर्जाचा गोली आणि दोन-तीन पक्के फिनिशर आहेत, ते वर्षभर १०१ वर राहू शकतात. सगळेच १०० वर येतील असं धरणं हाही आळसच.

---

बर्फाळ

जाणकारांनी प्रकाश टाकावा: यजमान असण्याचा हॉकीत नक्की काय फायदा? रिंक तर सगळीकडे सारखीच, २०० फूट × ८५ फूट.

---

निळीरेषा

@बर्फाळ, प्रेक्षकांचा दंगा सोडला तर नियमातच दोन फायदे दिलेले आहेत.

पहिला, शेवटचा बदल. खेळ थांबल्यावर पाहुण्यांना आपली फळी (एकत्र खेळणारा गट) आधी उतरवावी लागते, यजमान ती बघून आपली निवडतात. मॅकडेविडसारखा खेळाडू पाहुणा असेल तर यजमान प्रशिक्षक बचावातली सर्वोत्तम जोडी दर वेळी त्याच्यासमोर सोडू शकतो. तोच खेळाडू घरी असेल तर त्याचा प्रशिक्षक त्याला समोरच्यांच्या तिसऱ्या जोडीसमोर पाठवतो. दुसरा, फेसऑफ (पंच पक टाकतो आणि दोघे त्यासाठी झगडतात). मधल्या वर्तुळात पाहुण्या खेळाडूला काठी आधी बर्फावर टेकवावी लागते. बचाव क्षेत्रातल्या फेसऑफला बचाव करणाऱ्याने आधी टेकवायची.

जिंकण्यात याचं माप ५३-५४ टक्क्यांच्या आसपास येतं. गोलांत मी यजमानांना ०.१ देतो आणि पाहुण्यांचे ०.१ काढतो. याहून जास्त देणारा बहुधा आवाजाला भुललेला असतो.

---

तिसरीफळी

वेळापत्रकावर मी लिहितो. 'थकवा' हा शब्द सगळे वापरतात, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक, लागोपाठच्या रात्री. त्यातही प्रवास झाला की नाही ते बघा. न्यू यॉर्क परिसरातले तीन संघ एकमेकांकडे बसने जातात, ते फारसं लागत नाही. पश्चिमेकडे रात्रीचा सामना संपवून विमानाने दुसऱ्या शहरात पहाटे उतरणं वेगळं. समोरचा संघ दोन दिवस विश्रांती घेऊन बसला असेल तर फरक सगळ्यात जास्त.

दोन, चार रात्रींत तीन सामने. इथे गोलीपेक्षा वरच्या बचावपटूंवर ताण येतो, कारण ते सामन्याला २४-२५ मिनिटं खेळतात. आदल्या रात्री सामना ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळेत) गेला असेल तर ती मिनिटंही मोजा.

तीन, डेन्व्हर. १,६०० मीटर उंची. पाहुणे तिथे लागोपाठच्या दुसऱ्या रात्री उतरत असतील तर तिसऱ्या पिरियडमध्ये पाय जड झालेले दिसतात, शिफ्ट (बर्फावरची एकेक पाळी) लांबतात, आणि बदल वेळेवर झाला नाही की पेनल्टी पडते. पण हेही सगळ्यांना ठाऊक आहे, भावात असतंच.

लांब बदलाचाही विचार करा. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, त्यामुळे आपलं बचाव क्षेत्र बाकापासून दूर जातं. दमलेली फळी आपल्याच क्षेत्रात अडकली तर तिला बाकावर परतता येत नाही. म्हणूनच दुसऱ्या पिरियडमध्ये पहिल्यापेक्षा जास्त गोल होतात. पिरियडनुसार टोटल (एकूण गोलांवरची पैज) खेळणाऱ्यांना हे उपयोगी. ओव्हरटाइमलाही बाजू बदलतात, तिथेही लांबच बदल असतो.

---

पक्कापक

पॉवर प्लेचं काय? प्रत्येक प्रीव्ह्यूत 'लीगमधला तिसरा पॉवर प्ले विरुद्ध सत्ताविसावा पेनल्टी किल' (खेळाडू कमी असतानाचा बचाव) असतंच.

---

आकडेमोड

गणित करून बघू. संघाला सामन्यात साधारण तीन संधी मिळतात. २५ टक्केवाला आणि १८ टक्केवाला यांच्यात फरक ०.०७ × ३ = ०.२१ गोल. कागदावर बरा दिसतो. पण वीस सामन्यांनंतर म्हणजे साठेक संधींनंतर २५ टक्के म्हणजे १५ गोल आणि १८ टक्के म्हणजे ११. चार गोलांवर 'तिसरा' आणि 'सत्ताविसावा' ठरतो! त्यातला एखादा स्केटला लागून आत गेलेला.

क्रमांकापेक्षा पहिली तुकडी बघा. पॉवर प्लेच्या दोन मिनिटांतलं किती ती खेळते, निळ्या रेषेवरून खेळ फिरवणारा खेळाडू तोच आहे का, क्षेत्रात पक नेताना अडखळतात का. तो फिरवणारा जखमी असेल तर टक्केवारी विसरा, ती दुसऱ्याच तुकडीची आहे.

---

निळीरेषा

दुखापतींबाबत लीग मुद्दाम मोघम असते. 'अपर बॉडी' म्हणजे मनगट, खांदा, डोकं, काहीही. 'लोअर बॉडी' तसंच. उपयोगी माहिती यादीच्या प्रकारात असते. इंज्युर्ड रिझर्व्हवर टाकला तर किमान सात दिवस बाहेर. दीर्घ मुदतीच्या यादीवर असेल तर किमान १० सामने आणि २४ दिवस. 'गेम-टाइम डिसिजन' (निर्णय ऐनवेळी) असेल तर वॉर्मअपमधल्या फळ्या मोजा. संघ २० जण उतरवतो, दोन गोली आणि १८ स्केटर. नेहमीची मांडणी १२ फॉरवर्ड आणि ६ डिफेन्समन. ११-७ दिसली तर कुणातरी डिफेन्समनच्या तब्येतीची प्रशिक्षकाला खात्री नाही असं समजायला हरकत नाही, मात्र काही प्रशिक्षक आवडीनेही तसं खेळवतात.

पहिल्या जोडीचा डिफेन्समन बाहेर गेला तर त्याची २४ मिनिटं एकटा बदली खेळाडू खेळत नाही. प्रत्येकजण एक पायरी वर सरकतो, आणि तिसऱ्या जोडीतला माणूस समोरच्यांच्या दुसऱ्या फळीसमोर उभा राहतो. नुकसान तिथे होतं.

---

बर्फाळ

आता भावाकडे येऊ या का? मनीलाइन, पकलाइन, रेग्युलेशन यात कायम गल्लत होते.

---

आकडेमोड

मनीलाइन: ओव्हरटाइम आणि शूटआउट (त्यानंतरचे गोलीसमोर एकेकट्याचे फटके) धरून कोण जिंकेल. रेग्युलेशन: फक्त ६० मिनिटं, तीन पर्याय, बरोबरी हा एक. पकलाइन: दीड गोलाचा फरक, म्हणजे -१.५ घेतला तर संघाने किमान दोन गोलांनी जिंकायला हवं. टोटल: एकूण गोल, बहुतेकदा ५.५ ते ६.५ (त्याहून जास्त तो ओव्हर, कमी तो अंडर), ओव्हरटाइमचा गोल धरतात आणि शूटआउट जिंकणाऱ्याला एकच गोल मिळतो, मग आत कितीही पडोत. शूटआउटमधला गोल खेळाडूच्या खात्यात जात नाही, म्हणून 'अमुक गोल करेल' या पैजेत तो चालत नाही.

अमेरिकन भाव टक्क्यांत असे: -१५० म्हणजे १५०/२५० = ६० टक्के. +१३० म्हणजे १००/२३० = ४३.५ टक्के. बेरीज १०३.५. वरचे साडेतीन बुकीचा कट. तो काढला की बाजाराचं खरं मत ५८-४२.

आता निळीरेषांच्या क्रमाने एक सामना मांडतो. दोन्ही संघ सरासरी, ३.०५ गोलांचे. यजमानपणामुळे ३.१५ आणि २.९५. पाहुण्यांचा राखीव गोली, यजमानांना ०.१७. पाहुणे लागोपाठच्या दुसऱ्या रात्री, म्हणून यजमानांना ०.१ आणि पाहुण्यांचे ०.१ वजा. झाले ३.४२ विरुद्ध २.८५, टोटल ६.२७.

साधं प्वासाँ गणित (सरासरीवरून किती गोल होतील याची शक्यता काढणारं) बरोबरीची शक्यता पंधरा-सोळा टक्के देतं. प्रत्यक्षात पाचातला साधारण एक सामना ओव्हरटाइमला जातो. कारण गुणपद्धती: साठ मिनिटं बरोबरीत संपली की दोघांना एक-एक गुण पक्का. शेवटच्या पाच मिनिटांत स्कोअर सारखा असेल तर कुणीच धोका पत्करत नाही. समोरचा दुसऱ्या कॉन्फरन्समधला असेल तर अजिबातच नाही, कारण त्याला मिळालेल्या गुणाने आपलं काही बिघडत नाही. म्हणून बरोबरी २१ टक्क्यांपर्यंत उचलायची. मग यजमान ४८, पाहुणे ३१, बरोबरी २१.

ओव्हरटाइम तीन-विरुद्ध-तीन, पाच मिनिटांचा. तो आणि शूटआउट मी सरळ निम्मा वाटतो. यजमानांचे एकूण ५८.५ टक्के, रास्त भाव १.७१ (एक लावल्यावर जिंकलात तर परत मिळणारी रक्कम), म्हणजे सुमारे -१४१. बाजारात -१५० असेल तर सोडून द्या. -१३० म्हणजे १.७७ मिळत असेल तर ०.५८५ × १.७७ = १.०३५, शंभरामागे साडेतीनचा फायदा. पण आपला अंदाज दोनच टक्क्यांनी चुकला, ५६.५ निघाला, तर ०.५६५ × १.७७ = बरोब्बर १.००. फायदा शून्य. गोलीची खात्री का हवी ते इथे कळतं.

---

तिसरीफळी

टोटलबद्दल एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. साठ मिनिटांनंतर बरोबरी असेल तर अंतिम बेरीज नेहमी विषमच येते. २-२ चे ५, ३-३ चे ७. म्हणजे ६.५ चा ओव्हर घेतला असेल आणि शेवटच्या मिनिटाला ३-३ झालं, तर पैज जिंकल्यातच जमा. ५.५ चा अंडर घेऊन २-२ ने साठ मिनिटं संपली तरी तेच. म्हणून ५.५ व ६, तसंच ६ व ६.५ यातला फरक दिसतो त्यापेक्षा कमी. बरोबर सहा यायला ४-२, ५-१ किंवा ६-० लागतं, ३-३ कधीच सहावर थांबत नाही.

आणि रिकामी जाळी. एका गोलाने मागे असलेला संघ शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत गोली काढून सहावा स्केटर उतरवतो, दोनने मागे असेल तर आणखी लवकर. पकलाइन -१.५ चं निम्मं नशीब तिथे ठरतं. आघाडीवरच्या संघाकडे पक क्षेत्राबाहेर काढणारे डिफेन्समन आणि फेसऑफ जिंकणारा सेंटर असेल तर रिकाम्या जाळीत गोल पडतो. नसेल तर सहावा स्केटर बरोबरी साधून जातो. आणि ओव्हरटाइमचा विजय एकाच गोलाचा, म्हणजे बरोबरीत गेलेल्या प्रत्येक सामन्यात -१.५ बुडतो.

---

बर्फाळ

किती लावायचं हेही सांगा. आणि हे सगळं युरोपातल्या लीगना लागू होतं का?

---

आकडेमोड

वरच्या उदाहरणात केली सूत्र (भांडवलाचा किती हिस्सा लावायचा ते सांगणारं): फायदा ०.०३५ भागिले ०.७७, म्हणजे भांडवलाच्या ४.५ टक्के. एवढं कुणी लावू नये. चौथा हिस्सा, एक टक्क्याच्या थोडं वर. सूत्र धरून चालतं की तुमची टक्केवारी अचूक आहे, आणि ती तशी नसते. पैसे गेल्यावर रक्कम दुप्पट करणारे सलग हरण्याच्या एका लांबलेल्या मालिकेत संपतात. हरण्याची ऐपत नसेल तिथे कागदावरच अंदाज लिहावा, सामना तितकाच रंगतो.

नोंद कशाची ठेवायची? जिंकलो-हरलो याची नाही, घेतलेल्या आणि बंद होतानाच्या भावाची. १.७७ ला घेतलं आणि पक पडताना १.६८ झालं, तर विचार योग्य दिशेने होता, सामना हरला तरी. शंभरेक नोंदींत सरासरीने मागे पडत असाल तर निकाल चांगले असूनही काहीतरी चुकतंय.

---

निळीरेषा

युरोपचं थोडक्यात. स्वीडनच्या एसएचएलमध्ये १४ संघ, ५२ सामने. तिथे साठ मिनिटांत जिंकलं तर तीन गुण, ओव्हरटाइममध्ये दोन, हरणाऱ्याला एक. म्हणजे साठ मिनिटांत निकाल लावण्याला बक्षीस आहे, एनएचएलची २१ टक्के बरोबरी तिथे तशीच चिकटवू नका. रिंकही पारंपरिकरीत्या ३० मीटर रुंद, एनएचएलची सुमारे २६. जास्तीची जागा भिंतीकडेला जाते, फटके लांबून येतात, म्हणून शॉटची संख्या एनएचएलच्या चष्म्यातून वाचू नये. तिकडे सर्वसाधारण भावही साठ मिनिटांचाच, तीन पर्यायांचा असतो. तिकीट घेताना तेवढं नीट वाचा.

---

पक्कापक

आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या? २०१९ मध्ये टॅम्पा ६२ सामने जिंकून आले आणि कोलंबसने पहिल्याच फेरीत ४-० ने घरी पाठवले. २०२३ मध्ये बोस्टनने ६५ सामने आणि १३५ गुणांचा विक्रम केला, फ्लोरिडाने सात सामन्यांत गुंडाळले.

---

तिसरीफळी

तिथे लागोपाठच्या रात्री जवळपास नसतात, म्हणून राखीव गोलीचा मुद्दा गळतो. ओव्हरटाइम पाच-विरुद्ध-पाच, वीस-वीस मिनिटांचा, गोल पडेपर्यंत. शूटआउट नाही. एकच प्रतिस्पर्धी सात वेळांपर्यंत समोर येतो, त्यामुळे शेवटच्या बदलाची किंमत वाढते. मालिका दुसऱ्या शहरात गेली की तिसऱ्या सामन्याला कोणती फळी कुणासमोर येते, ते पहिल्या दहा मिनिटांत कागदावर टिपून ठेवा. चौथ्या सामन्याचा भाव त्याच रात्री उघडतो.